खालचा आवाज

मला कुणी हळू बोल म्हटलं की माझं डोकं फिरतं. अजूनही फिरतं. पण एका बाईंनी मला हळू गा म्हटलं आणि मी ते चक्क ऐकलं, यावर आमच्या वस्तीवर आजही कुणाचा विश्वास बसत नाही.

मी मिरजगावजवळच्या वस्तीवरची. शिक्षणासाठी केडगावला मावशीकडे राहत होते. गावी ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायचं काम माझ्याकडे असे. शेतातल्या माळ्यावर चढायचं, गोफण फिरवायची आणि घसा फाडून ओरडायचं. अशी सात-आठ वर्षं ओरडल्यावर आवाज काय नाजूक राहतो? सप्ताहात भजनाला मी बायकांच्या मागे उभी राहिले, की पुढच्या बाया वळून बघत. आई मात्र खूश असायची. पोरीचा आवाज अख्ख्या मांडवाला ऐकू जातो, हे ती दळणाला गेली तरी सांगून यायची.

त्यामुळे केडगावच्या समाजमंदिराच्या दारावर 'तरुणांसाठी समूहगान वर्ग, विनामूल्य' असा कागद दिसला, तेव्हा मला वाटलं, यांना माझीच गरज आहे.

वर्ग घेणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांचा सगळा जन्म चर्चच्या गायनवृंदात गेलेला. त्या पैसे घेत नसत, पण पाच मिनिटं उशीर झाला तर दाराबाहेर उभं करत. आम्ही पंचवीसेक जण होतो. कुणी कॉलेजातले, कुणी आयटीआयचे, दोन-तीन मुलं सुप्याच्या कंपनीत ट्रेनी. ती शिफ्ट सुटली की कंपनीच्या शर्टातच यायची आणि पहिल्या गाण्याला जांभया द्यायची.

बाईंनी आमचे दोन भाग केले. वरचा आवाज आणि खालचा आवाज. वरच्यांना गाण्याची खरी चाल. खालच्यांना दुसरीच चाल, जी वरच्यांच्या खालून चालते आणि एकटी म्हटली तर गाणं वाटतच नाही. मला खाली टाकलं. मला ते मुळीच आवडलं नाही. चांगली चाल इतरांना आणि आम्हाला हा उरलासुरला पसारा, असं मी मावशीला संध्याकाळी सांगितलंसुद्धा.

खरी अडचण पुढेच होती. आम्ही सगळे भजनात वाढलेले. भजनात एक जण म्हणतो आणि बाकीचे तेच परत म्हणतात. एकाच वेळी दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी गायच्या आणि त्याला चूक म्हणायचं नाही, हे आमच्या डोक्यात शिरेना. चार ओळी झाल्या की खालचा आवाज हळूच वरच्या चालीवर जाऊन बसायचा. सगळ्यात आधी मी जायचे, तेही मोठ्यानं, आणि माझ्यामागे बाकीचे सगळे. बाई पेटीचा भाता बंद करायच्या.

"परत पळालीस? आणि सगळ्यांना घेऊन पळालीस."

नगरला एका शाळेच्या पटांगणात आमचा जाहीर कार्यक्रम ठरला. मी लगेच आईला फोन केला. आईनं लगेच वस्तीला सांगितलं. शेजारच्या दोन बायका तिच्याबरोबर यायला निघाल्या, अर्ध्या तिकिटात एसटीनं.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना बाईंनी मला थांबवून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "तुझा आवाज चांगला आहे. पण इथं कुणा एकाचा आवाज ऐकू येता कामा नये. आठ दिवसांत जमव. नाही जमलं तर कार्यक्रमात तू उभी राहू नकोस. खाली बसून ऐक."

फुकटच्या वर्गातही नापास! घरी येऊन मी दप्तर आपटलं. मावशीला म्हटलं, "मी न्हाई जायची उद्यापासनं. गेलं खड्ड्यात."

मावशी भाकरी थापत होती. म्हणाली, "नको जाऊस. तुझ्या आईला फोन लावते, येऊ नको म्हनून सांगते." आणि तिनं पिठाच्या हातानं खरंच मोबाईल उचलला.

मी तो तिच्या हातातून ओढून घेतला. आई त्या दोन बायकांना काय तोंड दाखवील, हे मला एकदम दिसलं. ती काही बोलली नसती. गप्प बसली असती, आणि आमची आई गप्प बसलेली मला बघवत नाही. तेव्हाच ठरवलं, की हे जमवायचंच.

मावशीच्या घराखाली त्यांची पिठाची गिरणी आहे. मोटार चालू झाली की एक सूर धरते आणि दळण संपेपर्यंत सोडत नाही. मी गिरणीच्या दाराशी उभी राहून माझी खालची चाल म्हणायला लागले. दोन मिनिटांत गिरणी मला तिच्या सुरात ओढून न्यायची. मी परत पहिल्यापासून. दळणाला आलेल्या बायका बघत राहायच्या. एकीनं मावशीला हळूच विचारलं, "भाची बरी हाय ना?" मी तरी हटले नाही. तिसऱ्या दिवशी पायलीभर गहू दळून झाले, तरी मी माझ्या जागेवर होते.

मोठ्यानं न गाणं याहून अवघड होतं. त्याला मी मावशीचा फोन वापरला. ती संध्याकाळी जावेशी तासभर बोलते. मी शेजारी बसून गायचे. तिनं बोलता बोलता आवाज चढवला, की समजायचं माझा आवाज जास्त झाला. पहिल्या दिवशी तर तिनं मला उशीच फेकून मारली. पण सहाव्या दिवशी ती जावेचं सगळं गाऱ्हाणं नीट ऐकत बसली, आणि मी तिच्या कोपराला कोपर लावून तीन गाणी पूर्ण म्हटली.

वर्गात माझ्या डाव्या हाताला वरच्या आवाजातली शेवटची मुलगी उभी असे. आयटीआयची, बारीक आवाजाची. बाईंनी सांगितलं होतं, शेजारणीचा आवाज तुला ऐकू आला पाहिजे. तो येत नसेल तर चूक तुझी आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाई हॉलच्या दुसऱ्या टोकाला आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि आम्ही शेवटचं गाणं म्हटलं. मला त्या मुलीचा शब्द न् शब्द ऐकू आला. गाणं संपलं तर बाई म्हणतात, "चला, वह्या भरा."

मला राहवलं नाही. "बाई, माझं काय?"

"तुझं काय? तू कुठं उभी आहेस ते मला कळलं नाही. उद्या पाचला ये. उशीर करू नकोस."

मी घरापर्यंत पळत गेले.

कार्यक्रमाला पटांगण भरलं होतं. आई आणि त्या दोघी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, इस्त्रीच्या साड्यांत. शेवटच्या गाण्यात दोन्ही आवाज वेगळे होतात तिथं मी पळाले नाही. माझ्यामागची दहा जणंही पळाली नाहीत. आम्ही खाली घट्ट उभे होतो आणि वरचे बिनधास्त वर जात होते. मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. टाळ्या कितीतरी वेळ चालल्या.

मी धावत आईकडे गेले. तिचा चेहरा उतरलेला होता. शेजारची बाई म्हणत होती, "तोंड तर हालत हुतं पोरीचं." दुसरी म्हणाली, "पर आवाज कुटं आला?"

आई उठली. सरळ स्टेजकडे गेली. बाई पेटीला कापड बांधत होत्या. "बाई, माझ्या पोरीला गाऊ का दिलं न्हाई? नुसतं उभं करायला आनलंत व्हय तिला? आमी एवढ्या लांबनं आलो."

"ती पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली," बाई म्हणाल्या. "तिलाच म्हणायला सांगा."

तिथंच, खुर्च्या उचलणाऱ्यांच्या मधे, मी माझी चाल म्हटली. आई कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. "ही काय चाल हाय? हे गानं न्हाईच." त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी आयटीआयच्या मुलीला हाक मारली. ती आली, तिनं वरची चाल धरली, मी खालची. आई कधी तिच्या तोंडाकडे बघे, कधी माझ्या. कडवं संपलं. आई म्हणाली, "आता हिला एकटीलाच म्हनू दे." ती मुलगी एकटी गायली. गोडच गायली.

"आता दोघी."

आम्ही दोघी गायलो. आईनं मधेच माझं मनगट धरलं आणि गाणं संपेपर्यंत सोडलं नाही.

"तू गप बसलीस की हिचं गानं उघडं पडतंय गं," ती म्हणाली. मग त्या दोघींकडे वळून, जरा जोरातच, "ऐकलं का? गात हुती."

मला रडू फुटलं. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं, आणि ती पुन्हा बाईंकडे गेली. मला वाटलं, आता माफी मागते की काय.

"बाई," ती म्हणाली, "पुढच्या टायमाला बी हिला खालीच ठेवा."