ओव्हरसियरांचा लटकता बंगला

"आधी बूड, मंग पाय, अन् डोकं सगळ्यात शेवटी."

आमचे ओव्हरसियर हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणतच. म्हणताना दोन्ही हात मागे नेत, जरा वाकत आणि हवेतल्या एखाद्या पलंगावर बसल्यासारखं करून दाखवत. समोर मोजणीचं सामान वाहणारा नवा खलाशी असो, गावचा पाटील असो, नाहीतर कॅम्पवर दूध घालायला आलेली म्हातारी असो. त्यांना कुणी विचारलेलं नसायचं. पण त्यांच्या तंबूकडे तुम्ही जरा रोखून पाहिलंत, की संपलं. प्रवेशाचा पाठ सुरू.

तो तंबू जमिनीवर नव्हता, झाडाला टांगलेला होता.

कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी तेव्हा उभी राहत होती. तिथून निघणाऱ्या तारा कुठून न्यायच्या, त्याची आखणी करणाऱ्या पार्टीत आम्ही होतो. शेत येवो, नाला येवो, जंगल येवो, रेघ सरळ काढायची. थोड्या थोड्या दिवसांनी मुक्काम पुढे हलायचा. बाकी सगळे खात्याच्या तंबूत जमिनीवर सतरंजी टाकून निजायचे. ओव्हरसियर मात्र दोन झाडांच्या मधोमध, कमरेएवढ्या उंचीवर, एकटेच निजायचे. त्यात दुसऱ्याला जागाच नव्हती. आम्ही त्याला पाळणा म्हणायचो. ते 'बंगला' म्हणायचे.

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. माझे वडील लकडगंजात आरा मशीनवर सागाचे ओंडके उतरवायचे. माझा निकाल लागला तेव्हा त्यांनी तिथल्या प्रत्येकाला एकेक पेढा दिला आणि मालकाला मुद्दाम दोन दिले. हे मी मिरवायला सांगतोय असं तुम्हाला वाटेल. बरोबर वाटतंय.

तर पहिल्याच संध्याकाळी ओव्हरसियर मला म्हणाले, "या, बंगल्यात पडून पाहा."

मी छाती काढून म्हणालो, "मी शिकलेला माणूस आहे. असा लटकून झोपणार नाही."

"काहून गा? शिकलेल्यायले पाठ नसते का?"

"वटवाघूळ लटकतं, साहेब."

"ते उलटं लटकते. मी आडवा लटकतो. बी.एस्सी.त एवढा फरक शिकवला नाही का तुले?"

खलाशी हसले. मी जमिनीवर झोपलो. सकाळी माझ्या पाठीखाली एक दगड निघाला आणि उशीखाली एक बेडूक.

बंगल्याची बांधणी मी पुढे नीट पाहिली. ट्रकवरची जुनी ताडपत्री, पलंगाची नेवार आणि मच्छरदाणी, सगळं त्यांनी स्वतः दाभण आणि सुतळीने शिवलेलं. दोन्ही टोकांना बांबू, म्हणजे कापड मिटून माणसाचा विडा होत नाही. वर ताडपत्रीचं छप्पर. आत खिसे: एक चष्म्याला, एक बॅटरीला, एक पानाच्या डब्याला. दोरीवर रॉकेलात बुडवलेली चिंधी गुंडाळलेली, म्हणजे मुंगळे झाडावरून आत येत नाहीत. हिवाळ्यात गोधडी अंगावर कमी आणि बंगल्याच्या खालून जास्त बांधलेली असायची. "थंडी वरून येते असं समजणारा माणूस मूर्ख. ते खालून येते, चोरावानी." आणि आत निजायचं ते तिरपं. "सरळ निजलं का पाठ वाकडी होते. तिरपं निजलं का पाठ सरळ. दुनियेचंही असंच हाये." दुनियेचं कसं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांनाही माहीत नसावं.

बंगल्यामागे खरं कारण होतं ते त्यांच्या पाठीचं. तरुणपणी एका पुलाच्या कामावर ते पडले होते. जमिनीवर निजले तर सकाळी दोन माणसांनी धरून उठवावं लागायचं आणि मग दुपारपर्यंत ते कमान झाल्यासारखे चालायचे. बंगल्यात निजले की पहाटे शीळ घालत बाहेर यायचे. ती पाठ घेऊन रानात राहायचं, तर बंगल्याशिवाय इलाज नव्हता. मधे काही महिने त्यांना नागपूरच्या ऑफिसात बसवलं होतं. त्याबद्दल ते एवढंच म्हणत, "दिवसभर एकच खिडकी दिसते, बाप्पा. अन् तिच्यातून दुसऱ्या आफिसाची खिडकी दिसते."

घर त्यांचं भिवापूरकडे. थोडं मिरचीचं शेत होतं, ते बायको बघायची. महिन्याकाठी ते घरी जायचे आणि येताना पिशवीभर लाल मिरच्या आणायचे. कॅम्पच्या ठेच्याने खात्यातल्या बऱ्याच लोकांना रडवलं आहे.

आता चुन्याचं सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा चुन्याचा आहे. आमच्या रेघेत जे झाड आडवं येई त्याच्या बुंध्याला आम्ही चुन्याचा पट्टा ओढायचो. मागून येणारी तोडणारी टोळी पट्टा पाहायची आणि कुऱ्हाड चालवायची. रीत एवढी साधी. पण ओव्हरसियरांची दुसरीच एक रीत होती. नव्या मुक्कामी पोचलं की तंबू उतरायच्या आधी ते दोन झाडं हेरायचे, दोन्हींच्या बुंध्यांना मिठी मारून जोखायचे आणि त्यांनाही चुन्याचा पट्टा ओढायचे. का, तर दुसऱ्या कुणी तिथे बैल बांधू नये, लुंग्या वाळत घालू नयेत. जुन्या टोळीला हे ठाऊक होतं. कॅम्पातलं चुन्याचं झाड म्हणजे साहेबांचा पलंग, हात लावायचा नाही.

त्या आठवड्यात टोळी नवी आली होती.

आणि त्याच आठवड्यात मोठे साहेब जीपने तपासणीला आले. माणूस पश्चिम महाराष्ट्रातला, शुद्ध बोलणारा, अंगाने भरलेला. आल्या आल्या त्यांची नजर बंगल्यावर गेली.

"हे काय आहे?"

"राहायची सोय हाये, साहेब."

"ही खात्याची छावणी आहे की सर्कस? उद्यापासून हे दिसता कामा नये. सगळ्यांसारखे तंबूत झोपा."

"साहेब, पाठीचं जरा..."

"पाठ दुखते तर तसं सांगा. नागपूरला टेबल देतो. पंख्याखाली बसा, रोज रात्री घरच्यासारखे पलंगावर झोपा. वयही झालं आता तुमचं."

एरवी कुणाचंही तोंड बंद करणाऱ्या या माणसाने हातातला पानाचा डबा उघडला आणि पान न घेताच मिटला. मला त्यांची ती खिडकी आठवली.

जेवणाला पिठलं, ज्वारीची भाकरी, वांगी आणि तो ठेचा होता. साहेबांनी घाम पुसत तीन भाकऱ्या खाल्ल्या. वर ताक घेतलं. दुपार अशी चढलेली की पाखरंही गप्प. साहेबांचे डोळे जड झाले. ओव्हरसियरांनी ते बरोबर टिपलं.

"साहेब, काढतोच मी त्याले. पण काढायच्या आधी एकदा पडून पाहा. मंग जे म्हणाल ते."

साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "पाचच मिनिटं." आणि आपण आगगाडीच्या खिडकीतून घुसतो तसे डोक्याकडून आत शिरले. बंगल्याने एक गिरकी घेतली आणि साहेबांना पलीकडच्या बाजूला अलगद ओतलं.

आता खरी पंचाईत. ते वाक्य साहेबांना सांगायचं कसं? ओव्हरसियरांनी हात मागे नेले, वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा शब्द शोधू लागले. "साहेब, आधी... आधी तो बसायचा भाग. मंग पाय. अन् डोकं आपलं, तुमच्या सवडीनं."

साहेबांनी बसायचा भाग आधी ठेवला. तिरपे झाले. खालून वारा लागला. पाच मिनिटांत बंगल्यातून असं घोरणं सुरू झालं की जीपचा ड्रायव्हर इंजिन सुरू राहिलं की काय ते पाहून आला.

ओव्हरसियर मला म्हणाले, "निजू दे. जितका वेळ निजते तितकं आपलं काम होते." आणि उजळल्या चेहऱ्याने आम्ही दोघे नकाशे घेऊन तंबूत बसलो.

थोड्या वेळाने ठक, ठक असा आवाज येऊ लागला. एका लयीत. मी म्हणालो, "सुतारपक्षी असेल."

ओव्हरसियरांनी मान वर केली. ऐकलं. आणि पळाले. तो माणूस पळू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

नव्या टोळीचा मुकादम बंगल्याच्या पायांकडच्या टोकाला असलेल्या ऐनाच्या झाडावर कुऱ्हाड चालवत होता. बुंध्याला अर्ध्याच्या जवळ खाच गेली होती. प्रत्येक घावाबरोबर दोरी थरथरायची, बंगला हलके झुलायचा आणि साहेबांचं घोरणं आणखी खोल जायचं.

ओव्हरसियरांनी मुकादमाचा हात धरला आणि कुजबुजत ओरडले. "काय करून राहिला बे?"

मुकादमही कुजबुजला. "झाड तोडून राहिलो जी."

"त्याले माणूस टांगला हाये!"

"ते मी पायलं जी. पण चुना लावला हाये ना. मले वाटलं, माणूस उतरते मंग आपोआप."

"चुना मी लावला!"

"तुमीच लावला तं मंग मले काहून बोलता?"

इतक्यात झाडाने कुठेतरी आत, हळूच, 'कर्र' केलं. ओव्हरसियर झाडाच्या आणि बंगल्याच्या मधे गेले आणि आपली ती नामी पाठ बुंध्याला लावून उभे राहिले.

मी म्हणालो, "साहेब, बलांच्या त्रिकोणाने पाहिलं तर ताण या दिशेला—"

"त्रिकोण ठेव बाजूले. टेका दे!"

मी टेका दिला. मुकादमाने दिला. दोघा खलाशांनी मागच्या झाडाला दोर बांधून ताणून धरला. आम्ही सगळे त्या झाडाला असे बिलगलो होतो, जणू ते परदेशी निघालंय. ओव्हरसियरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी कुजबुजलो, "उठवूया का साहेबांना?"

"उठवलं तं झाड दिसंन. झाड दिसलं तं बंगला गेला, अन् मी बी गेलो पंख्याखाली. गप उभा राय."

पाच मिनिटांचे साहेब ऊन कलेपर्यंत झोपले.

शेवटी मच्छरदाणी हलली आणि साहेबांचं डोकं बाहेर आलं. समोर आम्ही.

"हे काय चाललंय?"

ओव्हरसियर पाठ न हलवता म्हणाले, "झाडाचा घेर मोजून राहिलो, साहेब."

"हातांनी?"

"टेप लाइनीवर हाये."

साहेबांनी जांभई दिली. पाय आधी काढले, मग तो भाग, अगदी व्यवस्थित. झाड पुन्हा 'कर्र' करून थांबलं. साहेब म्हणाले, "इतकी झोप मला वर्षानुवर्षं लागली नाही हो. आणि गंमत सांगू? सारखं वाटत होतं, लहानपणी आई थोपटायची ना, तसं कुणीतरी थोपटतंय."

मुकादमाने कुऱ्हाड धोतरामागे घेतली.

"राहू द्या हे. मी बघतो ऑफिसचं," साहेब म्हणाले. "आणि मलाही एक शिवून द्या. जरा रुंद."

जीप वळणाआड गेली, धूळ बसली. आमच्यापैकी कुणी अजून झाड सोडलं नव्हतं. मुकादमाने घसा साफ केला.

"मंग, साहेब, आता तोडू का?"

ओव्हरसियर आधी त्याच्याकडे बघत राहिले, मग जे हसत सुटले ते खालीच बसले. त्यांना उठवायला दोन माणसं लागली आणि पुढचे चार दिवस ते कमानीसारखे चालले. पण बंगला राहिला आणि निवृत्त होईपर्यंत ते रानात राहिले. साहेबांचा बंगलाही शिवून गेला. तो त्यांनी नागपुरात कुठे टांगला, ते कुणाला कळलं नाही.

ओव्हरसियर आता नाहीत. त्यांचं नाव मी मुद्दामच सांगितलं नाही. बूड, पाय, डोकं यांच्या पंगतीत नाव छापलेलं घरच्यांना आवडणार नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते निवृत्तीनंतर भिवापूरला. मला बढती मिळाली होती, पेढे घेऊन गेलो होतो. अंगणात मिरच्यांची रास वाळत पडलेली आणि दोन कडुनिंबांच्या मधे बंगला. मी लांबूनच हाक मारणार, तेवढ्यात ओव्हरसियर घरातून हात हलवत आले. कमान झालेले. त्यांच्या बोटांना मिरच्यांची लाली होती.

"हळू बोल गा. ते निजली हाये."

"कोण, वहिनी?"

"मंग कोण! मी तिकडे जंगलात आरामात झुललो, अन् हे इकडे मिरच्या तोडत राहिली. दुपारची पाठ कधी टेकली नाही बाईनं. आधी म्हणे, मी नाही लटकत. मंग म्हटलं, एकदा पाहा वं." त्यांनी लाल बोटं पंचाला पुसली. "आता मलेच येऊ देत नाही."

"मग तुम्ही कुठे झोपता?"

"खाटेवर. कसंतरी. आधी पेढा दे."

आतून बारीक, लयीत घोरणं येत होतं. पेढा तोंडात घालून ते ऐकत राहिले. तेवढ्यात शेजाऱ्याची शेळी आली आणि बंगल्याची दोरी चघळू लागली. आवाज करायची सोय नव्हती. ओव्हरसियरांनी हात हलवले, डोळे वटारले, पंचा झटकला. शेळीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि चघळणं चालू ठेवलं. शेवटी एका हाताने गुडघा, एका हाताने झाड धरत, तोंडातल्या तोंडात 'बाप्पा, बाप्पा' म्हणत ते हळूहळू खाली झाले आणि शेळी आणि दोरी यांच्यामध्ये मातीत बसून राहिले.