गार

आमच्या इथल्या रुग्णालयात 'वेदनामुक्त रक्ततपासणी' सुरू झाली, तेव्हा फीत कापली गेली, समई लागली आणि तीन भाषणं झाली. एवढ्या समारंभामागची वस्तू म्हणजे एक थंड फवारा. कातडीवर मारला की जागा पांढरी पडून बधिर होते आणि सुई कळत नाही.

अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, सिस्टरांनी तो काढला तेव्हा मला हसू आलं. पक्षाघात झाल्यापासून अण्णा एक शब्द बोललेले नाहीत. आता आणखी काय बधिर करणार? फवारा कोपराच्या खळीत पडला आणि अण्णा म्हणाले, "गार."

जन्मभर चहाचा कप परत पाठवताना ते हेच, याच नाराजीने म्हणत आले होते.

"अण्णा! काय म्हणालात?"

अण्णा छताकडे बघत राहिले. सिस्टरांनी रक्त घेऊन कापूस दाबला.

"सिस्टर, पुन्हा एकदा मारा ना."

"अहो काका, झालं की रक्त घेऊन. आता कशाला?"

"त्यांना गार लागू दे."

त्यांनी दुसऱ्या हातावर मारला. मी अण्णांच्या तोंडाशी कान नेला. पांढरा डाग हळूहळू विरून गेला.

"अजून एकदा."

"नको काका, कातडी जळेल त्यांची."

माणसाला काही जाणवू नये म्हणून एवढं शास्त्र राबतं. जाणवावं म्हणून कोणाकडे काय मागायचं?

दुपारी मी अण्णांना चमच्याने चहा पाजला. मुद्दाम गार केलेला. त्यांनी तो निमूट गिळला.