सपोर्टचा बंपर

मी मूळची पुण्याची, शाळेत इंग्रजी शिकवते, आणि आमच्या घरातल्या एकुलत्या एक विलायती गाडीचं वाटोळं माझ्या उच्चारामुळे झालं.

लग्न होऊन कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आले तेव्हाच लक्षात आलं, की इथे 'स्पोर्ट'ला सर्रास 'सपोर्ट' म्हणतात. सपोर्टचे बूट, सपोर्टची सायकल, शाळेत सपोर्ट डे. मी दुरुस्त करायचे. दूधवाल्याला, शेजारणीला, नवऱ्याला. (नवरा दोनदा दुरुस्त झाला, तिसऱ्यांदा ताटावरून उठला.) सासऱ्यांना मात्र कधी टोकलं नाही, कारण आमच्या आण्णांकडे खरीखुरी स्पोर्ट्स कार होती. तिला काय म्हणायचं ते तिच्या मालकाने ठरवावं. बेळगावच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली, लाल, दोनच सीटांची, बिनटपाची. पेठेतले लोक तिला 'साबणाची वडी' म्हणत, आण्णा 'राणी' म्हणत. आणि माझी नणंद सुजाता लहान असताना आण्णांनी तिला शब्द दिला होता, की तू सासरला जाशील ती राणीतनंच. पोरीने तो शब्द पक्का गाठीला बांधला होता.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास सुजाताचं कागलला जमलं. लग्न तोंडावर आलं, आण्णा पत्रिका वाटत गावोगाव हिंडत होते, आणि इकडे मी दारात स्कूटर लावताना ब्रेक दाबायचा सोडून ॲक्सिलरेटर पिळला. राणीचा पुढचा चकचकीत बंपर मधोमध आत गेला. हलकेच बाहेर ओढावा म्हटलं, तर अर्धा हातातच आला. आतून तो पार गंजून गेला होता, पण हे सांगायचं कुणाला? तुकडा माझ्या हातात होता!

नवऱ्याने कपाळावर हात मारला आणि राणीला उचगावच्या मारुती मिस्त्रींकडे नेऊन सोडलं. हे मिस्त्री उसाच्या ट्रॉल्या बांधायचे. त्यांनी तुकडे बघितले आणि हा जोडला जाणार नाही, नवीनच करावा लागेल, असं सांगितलं. घोळ मी घातलेला, तेव्हा बोलणी मीच करायला घेतली. म्हटलं, ही स्पोर्ट्स कार आहे, तेव्हा बंपर स्पोर्ट्सचाच हवा. मिस्त्री म्हणाले, कसला? मी पुन्हा सांगितलं, यावेळी जीभ नीट वळवून. मिस्त्रींच्या चेहऱ्यावरची माशी हलेना. शेवटी म्हटलं, जाऊ दे, गावात राहायचं तर गावासारखं बोलावं.

"मिस्त्री, सपोर्टचा बंपर पायजे. सपोर्टचा."

"आत्ता कसं! भक्कम करतो, वैनी, काळजीच सोडा. फुडं हूक ठिवू का?"

हूक कशाला ते मला कळलं नाही. पण वरातीची गाडी, फुलांच्या माळा कुठेतरी अडकवाव्या लागणारच. म्हटलं, ठेवा.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोल्हापुरात एका माणसाला माझं इंग्रजी अचूक समजलं होतं.

राणी घरी आली लग्नाच्या आदल्या दिवशी. पुढे जाडजूड लोखंडी चॅनेल, त्यावर आडव्या पट्ट्या, मधोमध मनगटाएवढा हूक, आणि मिस्त्रींनी आपण होऊन मारलेला पिवळा-काळा रंग. त्या वजनाने राणी पुढून अशी वाकली होती, की नवी सून पाया पडतीय असं वाटावं. दिव्यांचा उजेड स्वतःच्याच चाकांपुढे पडत होता. आण्णा शेवटच्या पत्रिका वाटून आले, पिशवी खाली ठेवली, गाडीभोवती एक फेरी मारली.

"ह्ये काय हाय?"

"बंपर," मी म्हटलं.

"ह्यो बंपर न्हवं, सूनबाई. ह्ये रेल्वेचं फाटक हाय."

मग ते माडीवर गेले आणि जेवायलाही खाली आले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. सुजाता तर माझ्या गळ्यात पडून रडली, आणि रडता रडता मलाच म्हणाली, वहिनी, असू दे. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण शब्द तो शब्द. आण्णा सकाळी खाली आले आणि म्हणाले, फाटक तर फाटक, पोरगी राणीतनंच जाणार.

आम्ही ते फाटक शेवंतीच्या माळांनी मढवलं. लग्न झालं, जेवणं झाली, नवरदेव स्टिअरिंगवर बसले, शेजारी सुजाता, आणि वरात निघाली. मागच्या जीपमध्ये आण्णा, नवरा, नवरदेवाचे काका आणि मी. दिवस मावळायच्या आत गृहप्रवेश व्हायला हवा, असं कागलकरांनी चारचारदा बजावलं होतं. उचगाव ओलांडून हायवेला लागलो, मी जरा कुठे श्वास सोडते तोच राणीच्या नाकातून वाफ निघाली, आणि ती खोकून रस्त्याकडेला थांबली. कारण उघड होतं. फाटकाने आणि शेवंतीने मिळून रेडिएटरची जाळी गच्च बुजवली होती, वारा आत जायला जागाच नव्हती. पाणी ओतलं, ढकललं, देवाचं नाव घेतलं. राणी ढिम्म. नवरदेवाचे काका घड्याळ बघायला लागले, आणि सुजाताला म्हणाले, जीपमध्ये बस, उशीर होतोय. सुजाताने आण्णांकडे बघितलं. आण्णांना मान वर करवेना.

तेवढ्यात मागून रिकाम्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने वेग कमी केला आणि वरूनच विचारलं,

"काय पावणं, बंद पडली? वढून नेतो की. हूक हाय का?"

"हाय की!" मी जीपमधून बोंबलले.

आण्णांनी वळून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून 'हाय' त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

माळा बाजूला सारल्या, साखळी अडकवली, आणि राणी निघाली. फाटक तसूभर हललं नाही. तो जुना बंपर असता तर ट्रॅक्टर एकटाच कागलला पोचला असता, बंपर घेऊन! वेशीवरचे बॅन्डवाले ट्रॅक्टर पाहून दुप्पट जोरात वाजवायला लागले. कागलकरांना वाटलं, हे मुद्दामच केलंय, काय डोकं लावलंय कोल्हापूरकरांनी! ऊन अजून कौलांवर होतं तेव्हा सुजाता दारात उतरली. आण्णांच्या जवळ येऊन म्हणाली, "आण्णा, राणीतनंच आले बघा." आण्णांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि मला म्हणाले, "सूनबाई, सपोर्ट झाला बरं का." इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

पुढे आण्णांनी मुंबईहून पातळ चकचकीत बंपर मागवून बसवला. फाटक आमच्या परसात पाण्याच्या टाकीखाली आहे, आणि टाकी अजून उभी आहे.

त्याच वर्षी शाळेत पहिल्या बाकावरच्या एका मुलीने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सपोर्ट डे'. सवयीने मी डस्टर उचलला. तिने घाबरून विचारलं, "बाई, चुकलं का?"

मी डस्टर खाली ठेवला. म्हटलं, "न्हाय गं. असू दे. लागतोय की कधीमधी."