ती संघ सोडून आली नव्हती

नोकरी सांभाळून मी बरीच वर्षं अकोल्याच्या एका दैनिकाचा परतवाड्याचा वार्ताहर होतो. आमच्या पानाची एक रीत होती. तालुक्यातलं कोणी एक पायरी चढलं, की ते वर पोचलं असंच लिहायचं. लेखी परीक्षा पास झालेल्याला आम्ही साहेब करून टाकत असू. वाचणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं, ते थोडं कमी करूनच वाचत. पण फुटबॉलच्या बातमीतून किती कमी करायचं, हे आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं.

बाजारात भाजीचं दुकान असलेल्या एका गृहस्थांच्या मुलीला भारताच्या महिला संघाच्या सराव शिबिराचं बोलावणं आलं. पत्र तिनेच मला दाखवलं. 'संभाव्य खेळाडू' असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. संघ शिबिरानंतर निवडायचा होता. मी बातमी पाठवली, 'परतवाड्याची लेक भारतीय संघात'.

सकाळीच तिचा फोन आला.

"काका, हे काय छापलं तुमी? अजून टीम निवडलीच नाई."

"निवडतीलच ना. घाबरून काहून राहिली?"

"घाबरून नाई राहिली. खोटं हाये ते."

"उद्या दुरुस्ती देतो," मी म्हणालो.

दिली नाही. दुपारपर्यंत चौकात फ्लेक्स लागला होता. दुसऱ्या पेपरांनी माझीच बातमी फिरवून छापली. ती शिबिराला गेल्यावर अमरावतीहून कॅमेरावाले आले. मुलगी डाव्या पायाने खेळते की उजव्या, असं त्यांनी वडिलांना विचारलं. "दोनी पाय हायेत तिले," ते म्हणाले. ते राज्यभर दिसलं आणि सगळ्यांना फार आवडलं.

शिबिरानंतरच्या भारताच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी बसस्टँडसमोरच्या चौकात पडदा लावला. तिचे वडील दुकान बंद करून पहिल्या खुर्चीवर येऊन बसले होते. पडद्यावर ती दिसेना, तरी कोणाला शंका आली नाही.

"राखून ठेवली हाये तिले," एक जण म्हणाला. "हुकमाचं पान कोनी पयलेच टाकते का?"

भारतावर दोन गोल झाले, तरी कोणी उठलं नाही. उलट लोक खुलले. आता तर तिला उतरवावंच लागेल, असा त्यांचा हिशेब होता. मी सगळ्यांच्या मागे उभा होतो, आणि खरं सांगतो, मीसुद्धा वाट पाहत होतो.

तेवढ्यात अमरावतीची एसटी आली आणि पाठीवर बॅग घेऊन ती उतरली. अंतिम संघात तिची निवड झाली नव्हती. घरी तिने ते कळवलं नव्हतं. फोन केला की वडील फ्लेक्सचंच सांगत सुटायचे, तिला बोलूच द्यायचे नाहीत.

"अबे, हे तर इथं हाये. मंग आपन कोनाची वाट पाहून राहिलो?" कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

वडील उठून तिच्याकडे गेले. "टीम सोडून आली तू?"

"बाबा, मी टीममधी नव्हतीच."

"पेपरात आलं होतं."

ती माझ्याकडे पाहू लागली. मग वडील, मग सगळा चौक.

मी म्हणालो, "बातमी मी पत्र पाहूनच दिली होती."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते मला तारून गेलं. त्या दिवसापासून परतवाड्यात ती संघ सोडून पळून आलेली मुलगी झाली. वडिलांनीही तेच धरलं. ती आता धारणीकडच्या एका आश्रमशाळेत खेळ शिकवते. दिवाळीला घरी येते, दोन दिवसांत परत जाते.

गेल्या महिन्यात मी तिच्या वडिलांच्या दुकानावर गेलो. ते मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होते. पत्रात काय होतं, मी काय लिहिलं, तिने फोनवर काय सांगितलं, सगळं त्यांना सांगितलं. त्यांचा हात थांबला होता.

"मी तिले भगोडी म्हनलं. तिच्या मायसमोर," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, "मले एकट्याले सांगून काय होते? पेपरात आलं होतं, तर छापूनच येऊ द्या. तिले फोन मी लावतो."

नंतर मीही तिला फोन केला. लिहू का, असं विचारलं.

"लिहा. नाव टाकू नका," ती म्हणाली. "आन काका, मोठं करू नका. जेवढं झालं तेवढंच लिहा."

तर तेवढंच. तिला सराव शिबिराला बोलावलं होतं. ती पूर्ण शिबीर खेळली. अंतिम संघात तिची निवड झाली नाही, म्हणून ती घरी आली. बातमी चुकीची होती, हे तिने मला छापून आली त्याच सकाळी सांगितलं होतं.