नमुन्याची मूठ

किस्से मी मुद्दाम गोळा करत नाही. धानाच्या खळ्यावरून आलं की कुसळं पातळाला चिकटतात ना, तसे ते आमच्या ऑफिसातून चिकटतात, आणि घरी येईपर्यंत टोचत राहतात! मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, आरोग्याच्या ऑफिसात, माझं काम एकच. कुणी म्हणालं की 'अमक्या भागात सरासरी इतकी आहे', तर तिथल्या थोड्या लोकांची तपासणी करून तो दावा टिकतो का ते पाहायचं. ऐकायला सोपं आहे. आमच्या साहेबांना समजावून दाखवा!

*

पहिल्याच आठवड्यात 'सरासरी' या शब्दावरून सुरुवात झाली. रक्त तपासणारे आमचे मेश्रामभाऊ म्हणाले, "मॅडम, माह्यं वजन नव्वद, बायकोचं चाळीस. सरासरी काढली त दोघंही फिट!"

मी हसले. साहेब हसले नाहीत.

"सही तो है," ते म्हणाले.

पुढचे दिवस कसे जाणार ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

किरनापूरला शिबिर झालं. "वहाँ के लोगों का बीपी औसत नॉर्मल ही है," असा साहेबांचा दावा. मी हिशेब मांडला, तर सरासरी एवढी वर, की नुसत्या योगायोगानं इतका फरक पडेल असं वाटेना. साहेब भडकले. "कारण ढूँढिए!"

लोणच्यावर संशय घेतला, तंबाखूवर घेतला. दोन मीटिंगा झाल्या. शेवटी मेश्रामभाऊ चहा ढवळत म्हणाले, "साहेब, आधी तुमचं भाषण झालतं. लोकं उन्हात उभे होते जी. मंग बीपी मोजलं."

*

त्याच रिपोर्टात मी लिहिलं होतं, 'सरासरी नॉर्मल आहे, हे मूळ गृहीतक रिजेक्ट'.

साहेब दचकले. "किसने रिजेक्ट किया? भोपाल से फोन आया क्या?"

"नाही सर, मीच केलं."

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "आपको इतनी पावर है क्या?"

*

पुढच्या पानावर 'पंचाण्णव टक्के खात्री' असं होतं. साहेबांनी चष्मा काढला.

"बाकी पाँच परसेंट किसके पास है?"

मेश्रामभाऊंनी दोन्ही हात वर केले. "म्या नाही घेतले जी!"

मी कपाळावर हात मारून घेतला. दुसरं करणार काय?

*

इथवर हसून सोडून देत होते. पण एके दिवशी साहेब म्हणाले, "बिरसा साइड की औरतों का हीमोग्लोबिन औसत बारह है, यानी नॉर्मल। गाड़ी बंद कर देते हैं।"

बिरसाकडच्या जंगलातल्या गावांत दर महिन्याला आमची एक गाडी जाते. बायकांचं रक्त तपासते, लोहाच्या गोळ्या देते. त्या बायकांना दुसरं काही नाही. आणि हे बारा आले कुठून? आमच्या ऑफिसातल्याच बायकांच्या तपासणीतून! माझा संताप संताप झाला.

"सर, आधी तिथला नमुना घेऊ," मी म्हटलं.

"लीजिए। बारह निकला, तो गाड़ी बंद।"

त्यातल्या एका गावात आरोग्याचं काम सेवंताबाई बघतात. माहेर लांजीचं, तिकडे मराठी चालते, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलतात. त्यांना फोन केला. "सगळ्या बायकांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका. ज्या निघतील त्या नमुना म्हणून रस्त्यावर आणा." गाव खाली उतारावर आहे, गाडी वरच्या रस्त्यापाशीच थांबते.

आम्ही पोचलो तर बायका हजर. डोक्याला तेल, ठणठणीत अंग, हसतायत, एकमेकींना ढकलतायत. मेश्रामभाऊ बोटं टोचत गेले. "मॅडम, बारा. हिचंही बारा. हिचं त तेरा!"

मी आकडे कागदावर उतरवत होते. हा कागद साहेबांच्या हातात गेला की गाडी संपली.

"सेवंताबाई, चिठ्ठ्या टाकल्या का?"

"चिठ्ठ्या काहून, मॅडम? नमुना म्हणलं ना तुमी? मंडीत धान नेलं त नमुन्याची मूठ चांगलीच दाखवतो का नाही? गावची इज्जत हाये!"

आता मात्र माझा पारा चढला. "अहो बाई, हे धान नाही! सगळ्या तऱ्हेच्या बायका पायजेत. बाकीच्यांले काहून नाही आणलं?"

सेवंताबाईंनी खाली गावाकडे पाहिलं.

"त्याईले कसं आणू जी? त्याईले हा चढ चढवत नाही."