फ्रिजमधली बरणी

कॅनडात लेकाकडे आले, तेव्हा घरामागचं उथळ तळं गोठलेलं होतं. तो तळ्यांचाच अभ्यास करतो. फ्रिजमध्ये दूध-दह्याशेजारी त्यानं ठेवलेली त्याच तळ्यातल्या गाळ-पाण्याची बरणी बघून मला कसंसंच झालं. मी ती उचलून खिडकीत, हीटरजवळ ठेवली.

आठवड्यानं पाहते, तर पाण्यात टाचणीच्या टोकाएवढा जीव टुणटुण उड्या मारतोय.

“आई, पाण्यातली पिसू आहे ती. थंडीत यांची अंडी गाळात निजून असतात. ऊब आणि उजेड मिळाला, हिला वाटलं उन्हाळा आला,” म्हणत तो कामावर गेला.

तिच्या सगळ्या बहिणी बर्फाखाली झोपलेल्या. माझ्यामुळे जागी झालेली ही एकटीच.

“ये गं आई, घरात छान ऊब असते,” असं मलाही तो फोनवर म्हणाला होता.

मी खुर्ची बरणीजवळ ओढली.