सरांच्या पायासाठी प्रार्थना

डिंगोरे गावच्या त्या गृहस्थाला मी चेहऱ्यापेक्षा पोटावरून जास्त ओळखतो. नाव विचाराल तर सांगता येणार नाही, कारण पडद्यावर नेहमी ‘भाच्याचा मोबाईल’ एवढंच दिसायचं.

मी पुण्यात घरी बसून मोठ्या माणसांना ख्रिस्ती धर्मशास्त्र ऑनलाइन शिकवतो. दर वर्गात बायबलमधल्या शुभवर्तमानाचं वाचन होई. चर्चमध्ये ते वाचताना उभं राहायचं असतं, म्हणून हाही आपल्या कांदे साठवायच्या चाळीत उभा राहायचा. मोबाईल मात्र क्रेटवरच राही. मग पडद्यावर फक्त शर्टाचं ताणलेलं बटण आणि त्याच्यामागे गंभीरपणे श्वास घेणारं पोट.

मी कधीच उठत नसे. वर इस्त्रीचा शर्ट असला, तरी खाली बदकांची चित्रं असलेली हाफ पँट असायची.

एकदा वाचन संपल्यावर तो वाकला, चेहरा कॅमेऱ्याजवळ आणला आणि हळूच म्हणाला, “सर, तुमी कधी उभं ऱ्हात न्हाई. पाय लई दुखतो का?”

मी काही बोलायच्या आत तो पुन्हा ताठ उभा राहिला, सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि माझ्या पायासाठी प्रार्थना सुरू केली. मढ गावच्या एक मावशी तर हुंदके देऊ लागल्या. ‘आमेन’ झालं. सगळे डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले.

“उठा सर,” तो म्हणाला. “विश्वास ठेवा.”

आठवडाभर मी विश्वासावरच शिकवत होतो. उठलो.

सगळ्यांच्या पडद्यावर बदकं झळकली. मग ते पोट गदगदा हललं.

“पाय तर बरा झाला,” वरून आवाज आला. “आता पँटसाठी प्रार्थना करू.”